घरीच वजनं उचलायची आहेत, पण सुरुवात कुठून करू? (वय ४७, हाडं ठिसूळ होऊ घातलेली)

दुसरा_मजला

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

वय ४७, वजन ५८ किलो, उंची पाच फूट एक इंच. पाळी जाऊन दीड वर्ष झालं. राहते डोंबिवलीत, नोकरी फोर्टात, म्हणजे जाऊन-येऊन रोजचे तीन तास गेले. बारा वर्षं सकाळी चालायला जाते, पावसाळ्यात जिना चढ-उतर. त्यामुळे मी स्वतःला फिट समजत होते.

मग दोन गोष्टी झाल्या. गणपतीत चिपळूणला जाताना गाडीत बॅग वरच्या फळीवर ठेवायला गेले. खांद्यापर्यंत आली आणि पुढे जाईचना. हात लटलट कापायला लागले. मागून एक विशीतला मुलगा "काकू, द्या इकडे" म्हणाला आणि एका हाताने बॅग ठेवून परत मोबाइलमध्ये गेला. बॅगेत होतं काय, तर चार दिवसांचे कपडे आणि दोन किलो मोदकाचं पीठ.

दुसरी गोष्ट आईची. वय ७१. बाथरूममध्ये घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आता वॉकर घेऊन घरातल्या घरात फिरते. तिच्याच डॉक्टरांनी मला हाडांची घनता तपासून घ्यायला सांगितली. डेक्सा स्कॅन केला. कण्याचा टी-स्कोअर (तरुण, निरोगी हाडांच्या तुलनेत आपली घनता किती) उणे १.९, खुब्याचा उणे १.४. डॉक्टर म्हणाले, "ऑस्टिओपीनिया आहे, म्हणजे हाडं विरळ व्हायला लागलीत. ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे पार ठिसूळ, नाही. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व लिहून देतो. पण नुसत्या चालण्याने भागणार नाही, वजनं उचला." वजनं म्हणजे किती आणि कशी हे विचारेपर्यंत पुढचा पेशंट आत येऊन बसलासुद्धा होता.

घराजवळच्या एका जिममध्ये चौकशी केली. तिथला मुलगा म्हणाला, "आंटी, तुमचं टोनिंग करू." आणि हातात एक किलोची गुलाबी डंबेलं दिली. घरी येऊन मी ऑफिसची पर्स काट्यावर ठेवली. डबा, छत्री, पाण्याची बाटली, चार्जर आणि देव जाणे काय काय. साडेचार किलो भरली! ती मी रोज खांद्याला लावून फलाटावर धावते. मग एका किलोने माझं काय होणार?

तर घरीच करायचं ठरवलंय. अडचणी अशा. हॉलमध्ये दिवाण आणि टीव्हीच्या मधे एक सतरंजी अंथरता येईल इतकीच जागा. खालच्या मजल्यावरच्या काकू खलबत्त्यात वेलची कुटली तरी वर येतात. सकाळी साडेसातला घर सोडायचं असतं. मनगटं जरा नाजूक आहेत. आम्ही शाकाहारी, अंडंही नाही. आणि सासूबाई रोज एकदा ऐकवतात, "या वयात जड उचलू नये, अंग बाहेर येतं." (म्हणजे गर्भाशय खाली उतरतं.) हे खरं आहे का?

व्हिडिओ बघितले. सगळ्या बाविशीच्या, सगळ्यांच्या मागे मोठी काचेची खिडकी. माझ्यासारख्या कुणी केलंय का?

---

वज्रासन

ताई, कशाला या भानगडीत पडता? रोज बारा सूर्यनमस्कार घाला, बास. सर्वांगसुंदर व्यायाम आहे. आपल्या आज्या-पणज्या पहाटे जात्यावर दळायच्या, विहिरीचं पाणी ओढायच्या. त्यांना कुठे जिम लागली होती? आणि बायकांनी जास्त वजनं उचलली की शरीर पुरुषी दिसायला लागतं असं ऐकून आहे. चूभूद्याघ्या.

---

खानावळवाली_माई

अगं, ते गुलाबी डंबेल त्या पोराला परत दे आणि म्हणावं, याने चटणी वाट.

मी सांगलीची. वय ५८. पंचवीस वर्षं खानावळ चालवते, रोजचे साठ-सत्तर डबे. पातेली उचल, परातभर कणीक मळ, घागरी भर. मला वाटायचं, माझ्याइतकी दणकट बाई अख्ख्या गल्लीत नसेल. आणि एक्कावन्नाव्या वर्षी उजवा खांदा धरला. फ्रोझन शोल्डर. ब्लाउजचा मागचा हूक लागेना, वेणी घालायला सुनेला हाक मारावी लागायची. फिजिओबाई म्हणाल्या, माई, तुमची सगळी कामं पुढ्यात. मळायचं, लाटायचं, ढवळायचं, चिरायचं. पाठीकडे ओढायचं काम दिवसभरात एक तरी आहे का? मी विचार केला, तर खरंच एकही नव्हतं. बोअर आल्यापासून रहाटसुद्धा गेला.

दुसरं माझ्या ध्यानात आलं ते असं, की कणीक मी वीस वर्षांपूर्वी मळत होते तेवढीच आजही मळते. शरीराला काय, रोजचं तेवढंच काम असेल तर ते तेवढ्यापुरतंच तयार राहतं. दमणूक होते गं, ताकद वाढत नाही. ताकदीला आज दोन किलो, पुढच्या आठवड्यात तीन, असं काहीतरी चढत जावं लागतं.

आता तुझं बघ. दुकानात जाऊ नकोस अजून. घरातली जुनी शाळेची सॅक काढ, नसेल तर कुणाकडून माग. पट्ट्या तपासून घे. त्यात एकेक किलोची पिठाची पाकिटं घाल. पाकिटावर वजन छापलेलं असतं, त्यामुळे हिशोब चोख. मी तीन पाकिटांनी सुरू केलं होतं.

सगळ्यात आधी वाकायला शीक. हसू नकोस. आपण सगळ्या कण्यातून वाकतो, केर काढून काढून तशीच सवय लागलेली असते. जड उचलताना मात्र खुब्यातून वाकायचं. मला हे जमायला पंधरा दिवस लागले. भिंतीकडे पाठ करून वीतभर अंतरावर उभी राहा. कुंच्याचा लांब दांडा पाठीला उभा लाव, एक हात मानेमागे, एक कमरेमागे. दांडा तीन ठिकाणी टेकला पाहिजे: डोक्याला मागे, खांद्यांच्या मधे आणि माकडहाडापाशी. आता गुडघे जरासे सैल सोड आणि बूड मागे ढकलत ढकलत भिंतीला टेकव. तिन्हीपैकी एक जागा जरी दांड्यापासून सुटली तर पाठ वाकली म्हणून समज. मांडीच्या मागच्या शिरा ताणल्यासारख्या वाटल्या की बरोबर जमलं. भिंतीला सहज टेकायला लागलीस की पाऊलभर पुढे सरक. असं रिकाम्या हाताने दहादा जमलं की मगच सॅक हातात घ्यायची.

मी इतकंच करते, आठवड्यातून तीन दिवस. दिवाणावर बसायचं नि उठायचं, सॅक छातीशी धरून. (प्लास्टिकची खुर्ची नको, सरकते. मी एकदा आपटलेय.) मग आत्ता सांगितलं तसं वाकून सॅक उचलायची. मग एक हात दिवाणावर टेकवून दुसऱ्या हाताने सॅक कमरेकडे ओढायची. करवत ओढतो ना, तशी, कोपर मागे. माझा खांदा सुटला तो या ओढण्याने, असं मी मानते. मग दंड. जमिनीवर जायची घाई करू नकोस. आधी भिंतीवर, ते सोपं झालं की ओट्याच्या कडेवर, मग दिवाणाच्या कडेवर, शेवटी फरशीवर. मला भिंतीपासून फरशीपर्यंत यायला अकरा महिने लागले. पहिला दंड निघाला त्या दिवशी मी खानावळीतल्या पोरांना शिरा खिलवला. आणि शेवटी दोन्ही हातात पाच-पाच लिटरचे पाण्याचे कॅन घेऊन घरभर चालायचं, खांदे कानाकडे न चढवता. त्याने मुठीत जी ताकद येते ना, बरणीचं झाकण उघडायला कुणाला हाक मारावी लागत नाही.

प्रत्येकाचे आठ ते दहा, असे तीन वेळा. वजन किती हे असं ओळखायचं: आठवा-नववा करताना तोंडातून "आई गं" निघालं पाहिजे, पण पाठ सरळ राहिली पाहिजे. गप्पा मारत पंधरा निघाले तर एक पाकीट वाढव. मधे दोन मिनिटं बसायचं. बसायचं म्हणजे बसायचंच, पोळी उलटायला जायचं नाही.

तुझ्या खालच्या काकूंचं औषध सोपं आहे. सतरंजीवर गोधडीची चौपदरी घडी आणि सॅक त्यावर सावकाश खाली आणायची, मनात तीन आकडे मोजत. टाकायची नाही. खाली आणणं हाही अर्धा व्यायाम आहे, तो फुकट का घालवायचा?

आणि दुधाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेव. तारीख, पाकिटं किती, कितीदा. माझ्या तसल्या चार वह्या झाल्या.

वज्रासनदादा, माझी आजी जात्यावर दळायची. मी पाहिलेय ना तिला. दंड दणकट होते. पण साठीत ती कोयत्यासारखी वाकली होती, रस्त्यावरून चालताना समोरच्याचे पाय ओळखून हाक मारायची. जेवायला सगळ्यांच्या शेवटी बसायची, भाजी उरली तर उरली. जातं आठवतं सगळ्यांना, ते शेवटचं ताट कुणाला आठवत नाही.

---

बारबेल_वहिनी

माईंना साष्टांग नमस्कार!

मी पुण्यात, वय ३१, चार वर्षं बारबेल (दोन्ही टोकांना चकत्या लावलेली लांब सळई) उचलते. "पुरुषी दिसायला लागतं" याबद्दल एवढंच: बायकांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन पुरुषांच्या मानाने फारच कमी, साधारण दहाव्या-पंधराव्या हिश्श्याइतकं. दंड फुगायचे तर वर्षानुवर्षं तेवढंच एक काम आणि तसा आहार लागतो, चुकून कुणाचे फुगत नाहीत. आपल्या वडगाव मावळची वेटलिफ्टर हर्षदा गरुड आठवा. २०२२ मध्ये ग्रीसमध्ये ज्युनिअर जागतिक स्पर्धेत ४५ किलो गटात सुवर्ण, भारताचं त्या स्पर्धेतलं पहिलंच. स्नॅचमध्ये (एका दमात थेट डोक्यावर) ७० आणि क्लीन अँड जर्कमध्ये (आधी खांद्यावर, मग डोक्यावर) ८३, एकूण १५३ किलो. ४५ किलोच्या गटातली मुलगी ८३ किलो डोक्यावर घेते. फोटो बघा आणि सांगा कुठे पुरुषी दिसते ते.

ताई, खरेदीचं बोलायचं तर पुढेमागे चकत्या घालून वजन वाढवता येणारी डंबेलं घ्या, आणि नवी घेऊ नका. जानेवारीत उत्साहाने घेतलेली आणि मार्चपर्यंत टॉवेल वाळत घालायला लागलेली डंबेलं प्रत्येक सोसायटीत असतात. आमच्या ग्रुपवर मी नुसतं विचारलं तर तीन घरांतून निघाली. रबरी बँड घेतलात तर दर वेळी ताणून चिरा बघत जा, माझा एक तुटून गालावर बसला होता. आणि मनगट दुखत असेल तर दंड मारताना तळवा टेकण्याऐवजी डंबेलांच्या मुठी धरून मारा, मनगट सरळ राहतं.

---

ठाण्याची_फिजिओ

माईंनी बहुतेक सगळं सांगितलंय, आणि दांड्याची युक्ती मी पेशंटना हीच शिकवते. थोडी भर घालते.

दुसरा_मजला, तुमचे आकडे ऑस्टिओपीनियातच येतात (उणे १ ते उणे २.५ च्या मधले). पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत हाडं झपाट्याने झिजतात, म्हणून डॉक्टर आत्ताच मागे लागले. चालणं हृदयाला उत्तम आहे, ते सोडू नका. पण हाड नवा ताण पडला तरच जागं होतं, आणि बारा वर्षांच्या चालण्यात त्याला नवीन काहीच राहिलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांतही आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल अधिक दोन किंवा जास्त दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम असं आहे. त्या "अधिक" नंतरचं कुणी वाचत नाही.

ऑस्ट्रेलियात ग्रिफिथ विद्यापीठात पाळी गेलेल्या, हाडं विरळ झालेल्या १०१ बायकांवर एक चाचणी झाली, लिफ्टमोर नावाची, २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. एका गटाने आठ महिने आठवड्यातून दोनदा अर्धा तास खरोखर जड वजनं उचलली आणि उड्या मारल्या, दुसऱ्या गटाने घरी हलका व्यायाम केला. जड उचलणाऱ्यांच्या कण्याची घनता सरासरी २.९ टक्के वाढली, हलक्या गटाची १.२ टक्के घटली. पण लगेच सॅकमध्ये पंधरा पाकिटं भरू नका. त्या बायकांसमोर प्रशिक्षक सतत उभा होता आणि पहिले काही आठवडे हलक्या वजनावर नुसती पद्धत घोटून घेतली होती. तुम्हीही एकदोनदा कुणा फिजिओला तुमचं वाकणं दाखवून घ्या.

काय करू नका ते सांगते. कणा विरळ असताना पाठ गोल करून पुढे झुकायचे व्यायाम नकोत: उताणं झोपून धड उचलणं, पायाचे अंगठे धरून जोर लावणं, पश्चिमोत्तानासनात कुणीतरी पाठ दाबणं. पोटासाठी प्लँक (पालथं होऊन कोपरांवर आणि चवड्यांवर अंग सरळ धरून ठेवणं) चालेल. म्हणून सूर्यनमस्कारातही तुम्ही हस्तपादासनात गुडघे वाकवून, पाठ लांब ठेवून खाली जा. वज्रासनदादा, सूर्यनमस्कार चांगलेच आहेत, पण त्यात ओढण्याची एकही क्रिया नाही आणि वजन वाढवायची सोय नाही.

उचलताना श्वास सोडा. श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब एकदम चढतो. बीपीची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.

आता सासूबाईंचा मुद्दा. हसण्यावारी नेऊ नका, त्यांनी आजूबाजूला पाहिलेलं असणार. लागोपाठ बाळंतपणं, बाळंतपणानंतर चार दिवसांत डोक्यावर हंडे, बद्धकोष्ठ, जुनाट खोकला, हे सगळं एकत्र आलं की ओटीपोटाखालचे स्नायू खचतात आणि अंग बाहेर येतं. नीट शिकून, श्वास सोडत, हळूहळू वाढवलेल्या वजनाची गोष्ट वेगळी. तरीही विचारते, कारण बायका आपणहून सांगत नाहीत: शिंकताना, खोकताना, जिना उतरताना लघवीचे थेंब जातात का? खाली जड ओढल्यासारखं वाटतं का? असेल तर आधी तपासून घ्या. त्यावर व्यायाम असतात आणि बहुतेकींना बराच फरक पडतो. "वयाचं आहे" म्हणून पॅड लावून गप्प बसू नका.

---

दुसरा_मजला

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! माई, तुमच्या आजीचं वाचून ट्रेनमध्ये डोळे पुसले, शेजारच्या बाईने विचारलं घरी सगळं ठीक ना.

फिजिओताई, हो. शिंकताना. मुलगा झाल्यापासून, म्हणजे एकोणीस वर्षं. आजवर नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं, इथे लिहितेय. शनिवारची अपॉइंटमेंट घेतली.

काल दांडा घेऊन उभी राहिले. पहिल्याच झटक्यात डोकं सुटलं, मग माकडहाड. मुलगा म्हणाला, आई, कवायत आहे की भूत उतरवतायत?

खाण्याचं मात्र कुणी सांगितलं नाही. प्रोटीन पावडर घ्यावीच लागते का?

---

खानावळवाली_माई

पावडर नको, आधी वरणातलं पाणी कमी कर.

मी डबे लावते तेव्हा हिशोब करायला शिकले. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२० च्या तक्त्यात मोठ्या माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं धरलीत. तुझे ५८ किलो म्हणजे साधारण ४८ ग्रॅम. आता मोज. दिवसाच्या चार पोळ्यांचे बारा. वाटीभर घट्ट आमटीचे सहा-सात, पण त्या वाटीत तीस ग्रॅम डाळ असेल तर. आपण चार माणसांत मूठभर डाळ शिजवतो आणि वाटी भरली म्हणून समाधान मानतो. कपभर दुधाचे सहा, वाटीभर दह्याचे चार-पाच. मूठभर शेंगदाण्यांचे सात. मटकीची किंवा हुलग्याची उसळ वाटीभर, त्याचे सात-आठ. झाले की नाही पंचेचाळीस? वजनं उचलायला लागलीस की आणखी थोडं लागेल. तेव्हा आठवड्यातून दोनदा सोयाचे गोळे, तीस ग्रॅम कोरड्याचे पंधरा ग्रॅम होतात, किंवा पनीर. गोळे उकळून घट्ट पिळायचे, आलं-लसूण सढळ हाताने, नाहीतर पोरं तोंड वाकडं करतात.

खरी मेख कुठाय माहितीय? तुझा सकाळचा नाश्ता. चहा आणि दोन खारी, बरोबर ना? रात्रीची उसळ डब्यात काढून ठेव, सकाळी पोळीत गुंडाळून खा. आणि एकादशीला साबुदाण्यावर व्यायाम करू नकोस. दाण्याची आमटी कर, नाहीतर सुट्टी घे.

---

वज्रासन

माघार घेतो. बायकोला धागा वाचून दाखवला. ती म्हणाली, सॅक आण आणि पाकिटं तू भर.

---

दुसरा_मजला

धागा वर काढतेय. तीन महिने होऊन गेले, हालहवाल.

शनिवारी फिजिओंकडे गेले होते ते फार बरं झालं. पहिले सहा आठवडे त्यांनी ओटीपोटाखालचे व्यायाम आणि रिकाम्या हाताने उठबस इतकंच दिलं. मी चिडले होते, वहीत शून्य किलो, शून्य किलो लिहायला लाज वाटायची. आता शिंकेचा त्रास पुष्कळ कमी आहे. अजून संपलेला नाही, जोराची शिंक आली की भीती वाटतेच. सासूबाईंना मी कारणासकट सांगितलं. त्या बराच वेळ गप्प बसल्या आणि मग त्यांच्या थोरल्या जावेचं सांगितलं, ते इथे लिहीत नाही.

वेळ पहाटेची नाही जमली. रात्री कुकर लावला की सॅक काढते. तिसऱ्या शिट्टीला गॅस बंद करायला मुलगा उठतो, हा नवा नियम. मंगळवार, गुरुवार आणि रविवार. दोन आठवडे पूर्ण बुडले, एकदा आईकडे रात्री राहावं लागलं आणि एकदा ऑफिसचं वर्षअखेरीचं काम.

आकडे: उठबस नऊ किलो, उचलणं चौदा, ओढणं सहा. दंड अजून ओट्यावरच, बारा निघतात. वहिनी, मुठी धरून मारायची युक्ती दिवाणावर करून बघितली, डंबेल सरकतं. पण मनगट ओट्यावर दुखत नाही, म्हणून तिथेच थांबलेय. टी-स्कोअरचं विचाराल तर फिजिओ म्हणाल्या वर्ष-दीड वर्ष तरी स्कॅनकडे फिरकू नका, हाडांना तेवढा वेळ लागतो.

खालच्या काकू आल्या होत्या. आवाजासाठी नव्हे. गेल्या रविवारी सॅकची पट्टी तुटली आणि चौदा किलो गोधडी सोडून नेमकं फरशीवर. दोन पाकिटं फुटली, हॉलभर पीठ. काकू धापा टाकत वर आल्या, दारात उभ्या राहिल्या, पांढऱ्या झालेल्या मला बघितलं आणि म्हणाल्या, "मला वाटलं तूही पडलीस आईसारखी." मग आम्ही दोघींनी मिळून पीठ भरलं. जाताना विचारत होत्या, गुडघे दुखत असतील तर यातलं काही चालतं का. फिजिओताई, उत्तर द्याल? वय ६६, मधुमेह आहे.

परवा चिपळूणला गेले होते. बॅग वरच्या फळीवर ठेवली. एकदा मांडीवर टेकवावी लागली, पण ठेवली.

माई, पट्टी शिवून घेऊ की नवी सॅक आणू?

---

खानावळवाली_माई

सॅक राहू दे आता. चौदा किलोला लोखंड लागतं. वहिनी सांगते तसं सोसायटीच्या ग्रुपवर विचार, कुणाच्या तरी टॉवेलखाली निघतील. आणि सांडलेलं पीठ चाळून घे, टाकू नकोस, धिरडी होतील.

---

ठाण्याची_फिजिओ

काकूंना चालेल, पण गुडघे आणि साखर दोन्ही बघून. त्यांना म्हणावं आधी दिवाणावर दोन उशा ठेवून उंच बसायचं आणि हात न टेकता उठता येतं का, किती वेळा, ते मोजून इथे कळवा. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर उपाशीपोटी नको.

---

दुसरा_मजला

काकू माझ्याच दिवाणावर बसल्यात. चार वेळा. पाचव्यांदा हात टेकला.